अमेरिकेंतील समाजसुधारणा : एकोणिसावें शतक

अमेरिकेचा इतिहास म्हटला म्हणजे वॉशिंग्टन व लिंकन हे दोन पुरुष आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभे राहतात. एकानें राष्ट्र स्वतंत्र केलें; दुसऱ्यानें तें दुभंगूं दिलें नाहीं व गुलामांच्या मुक्ततेचा मार्ग मोकळा केला. परंतु लिंकन यांनीं १८६३ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस जें मुक्तिपत्र जाहीर केलें, त्याच्या मागें तीस वर्षांहून अधिक काळाचा लोकांचा उद्योग होता. तो उद्योग करणारांत शाळाशिक्षक, छापखानेवाले, धर्मोपदेशक, पळून आलेले गुलाम व घरसंसारांतील स्त्रिया होत्या. त्यांपैकीं कांहींची हकीकत येथें सांगावयाची आहे.

प्रथम त्या काळची स्थिति पाहूं. सर्व मनुष्यें समान निर्माण झालीं आहेत, असें अमेरिकन लोकांनीं १७७६ सालीं जगास बजावून सांगितलें. परंतु तो जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफर्सनच्याच पदरीं गुलाम होते. १७९० च्या खानेसुमारींत गुलामांची संख्या सुमारें ७ लाख भरली. पुढें १७९३ सालीं एली व्हिटनी यानें कापसांतून सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें. त्यामुळें कापसाची लागवड अतोनात वाढली, तिच्याबरोबर गुलामांची मागणी वाढली, आणि १८६० सालीं त्यांचा आंकडा ३९ लाखांवर गेला. काळ जाईल तशी ही रूढि आपोआप नाहींशी होईल, अशी कित्येक भल्या माणसांची समजूत होती. ती फोल ठरली. अन्यायांत जोंवर नफा आहे, तोंवर काळ त्याला मारीत नाहीं, उलट पोशीतच असतो.

ख्रिस्ती मंडळ्यांचें वर्तन या बाबतींत एकसारखें नव्हतें, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. धर्मजागृतीची जी मोठी लाट त्या शतकाच्या आरंभीं उसळली, तिच्यांतूनच कित्येक सुधारक पुढें आले. क्वेकर पंथीयांनीं तर त्याच्याही पूर्वींपासून गुलामगिरीचा निषेध चालविला होता. परंतु त्याच बायबलांतील वचनें काढून दक्षिणेंतील अनेक उपदेशक गुलामगिरीचें समर्थन करीत. ग्रंथ एकच, पण कोणी त्यांत आपला शेजारी शोधला, तर कोणी आपली सोय.

१८३१ सालच्या पहिल्या दिवशीं विल्यम लॉइड गॅरिसन यानें बॉस्टन येथें ‘लिबरेटर’ नांवाचें साप्ताहिक काढलें. गुलामगिरी हळूहळू नव्हे, तर तत्काळ बंद झाली पाहिजे, हा त्याचा आग्रह. १८३३ सालीं फिलाडेल्फियांत अमेरिकन गुलामगिरीविरोधी मंडळी स्थापन झाली. पत्र काढावें, व्याख्यानें द्यावीं, सभा स्थापाव्या आणि सह्यांचे अर्ज कायदेमंडळाकडे पाठवावे, हीं या सुधारकांचीं साधनें होत. अर्ज इतके येऊं लागले कीं, ते विचारांत घ्यावयाचेच नाहींत, असा ठराव काँग्रेसच्या प्रतिनिधिसभेनें १८३६ सालीं केला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स हे त्या वेळीं सभासद होते. त्यांनीं वृद्धापकाळीं आठ वर्षें झगडून १८४४ सालीं तो ठराव रद्द करविला. इलिनॉयमधील ऑल्टन गांवीं एलायजा लव्हजॉय या संपादकाचा १८३७ सालीं जमावानें बळी घेतला; आपला छापखाना वांचवीत असतांना तो गोळी लागून पडला.

दक्षिणेंतील अनेक संस्थानांत गुलामांस वाचावयास शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. फ्रेडरिक डग्लस हा लहानपणीं बाल्टिमोर शहरीं एका घरीं गुलाम होता. घरच्या बाईनें त्याला दयाबुद्धीनें मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. यजमानास तें कळतांच त्यानें तिला बंदी केली. वाचावयास शिकला तर हा गुलाम म्हणून निरुपयोगी होईल, असें तो म्हणाला. मुलानें तें ऐकलें, आणि मुक्ततेचा मार्ग कोणता हें त्याला नेमकें त्याच बोलण्यावरून उमगलें. पुढें तो खिशांत पाव घेऊन बाहेर पडे आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांस तो देऊन त्यांच्याकडून एकेक धडा शिकून घेई. १८३८ सालीं खलाशाच्या वेषांत तो पळून उत्तरेस गेला. १८४५ सालीं त्यानें आपलें चरित्र छापलें, १८४७ सालीं स्वतःचें पत्र काढलें, आणि त्या काळच्या श्रेष्ठ वक्त्यांत त्याची गणना होऊं लागली.

उत्तरेंत तरी सर्व आलबेल होतें असें नाहीं. कनेक्टिकट संस्थानांत कँटरबरी नांवाचें लहान गांव आहे. तेथें प्रूडन्स क्रँडल या क्वेकर बाईची मुलींची शाळा १८३१ पासून उत्तम चालली होती. सेरा हॅरिस नांवाची एक कृष्णवर्णी मुलगी तिच्याकडे आली. ती गुलाम नव्हती. एका स्वतंत्र शेतकऱ्याची मुलगी होती, व शिक्षिका होण्याची तिची इच्छा होती. बाईंनीं तिला वर्गांत घेतलें. गोऱ्या मुलींच्या आईबापांनीं आक्षेप घेतला व आपल्या मुली काढून नेण्याचा धाक घातला. तेव्हां बाईंनीं १८३३ सालीं ती शाळा कृष्णवर्णी मुलींसाठींच उघडली. गांवांतील दुकानदारांनीं त्यांस जिन्नस देण्याचें बंद केलें. कोणीं विहिरींत घाण टाकली. त्याच वर्षीं अशा शाळेविरुद्ध संस्थानानें मुद्दाम कायदा केला, आणि बाईंना एक रात्र तुरुंगांत काढावी लागली. शेवटीं सप्टेंबर १८३४ मध्यें जमावानें रात्रीं घरावर हल्ला करून खिडक्या फोडल्या, आणि मुलींच्या जिवाच्या भयानें शाळा बंद करावी लागली. तो कायदा १८३८ सालीं रद्द झाला. १८८६ सालीं त्याच संस्थानानें त्या वृद्ध बाईस सालीना ४०० डॉलरांचें वेतन दिलें.

दुसरी एक शिक्षिका, डोरोथिया डिक्स, १८४१ सालीं पूर्व केंब्रिजच्या तुरुंगांतील स्त्रियांस रविवारचा धडा देण्यास गेली असतां, कांहीं वेड्या माणसांना भर थंडींत शेगडीवांचून कोंडून ठेविलेलें तिला आढळलें. तिनें सारें मॅसॅच्युसेट्स हिंडून अशा अभाग्यांची स्थिति डोळ्यांनीं पाहिली, ती लिहून १८४३ सालीं कायदेमंडळापुढें मांडली, आणि वुस्टर येथील रुग्णालय वाढविण्यास पैसा मंजूर करविला.

गुलामांसाठीं झटतां झटतां स्त्रियांस आपल्या पायांतील बेडी दिसूं लागली. १८४० सालीं लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेंत अमेरिकेहून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींस सभासदांत बसूं दिलें नाहीं. तेथें लुक्रीशिया मॉट व एलिझाबेथ केडी स्टँटन यांची गांठ पडली, आणि त्यांच्या पुढाकारानें १८४८ च्या जुलैंत सेनेका फॉल्स येथें स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनीं व ३२ पुरुषांनीं सह्या केल्या. मताधिकाराच्या ठरावास पुष्कळ जण कचरत होते. त्याला भर सभेंत पाठिंबा देणारांत डग्लस अग्रेसर होता.

याच १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा काढली. अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची अहमदनगर येथील कन्याशाळा त्यांच्या पाहण्यांत आली होती. १८७३ सालीं त्यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला. १८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठीं पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. परत आल्यावर १८८९ सालीं त्यांनीं तेथील लोकस्थितीवर मराठींत ग्रंथ लिहिला व मुंबईस शारदासदन उघडलें.

१८६५ च्या डिसेंबरांत घटनादुरुस्तीनें गुलामगिरी कायमची रद्द झाली. तथापि कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क दक्षिणेंत पुढें युक्तिप्रयुक्तीनें हिरावला गेला, व तो खऱ्या अर्थानें परत मिळण्यास १९६५ सालचा कायदा यावा लागला. स्त्रियांस सर्व राष्ट्रांत मताधिकार १९२० सालीं मिळाला. सेनेका फॉल्स येथें सही केलेल्या ६८ स्त्रियांपैकीं त्या वेळीं एकच हयात होती.

आज या थोर माणसांची स्तुति करणें सोपें आहे. परंतु कँटरबरीच्या ज्या आईबापांनीं आक्षेप घेतला, ते कांहीं दुष्ट राक्षस नव्हते. आपल्या मुलींचें बरें व्हावें, त्यांच्या पंक्तीला कोण बसतें तें पाहावें, एवढीच त्यांची दृष्टि होती. गुलामगिरी त्यांच्या घरीं नव्हती, म्हणून आपला तिच्याशीं संबंध नाहीं असें त्यांस वाटलें. तेव्हां विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गांत कोणी नवें मूल आलें आणि त्याच्या शेजारच्या बांकावर कोणी बसेना, तर तुम्हीं काय करावें? आणि आईबापांनीं घरीं आलेल्या मुलास कोणता प्रश्न आधीं विचारावा : त्या मुलाची जात कोणती, कीं त्याचें नांव काय?