मेले दहा हजार, बंदुका साडेसातशे

युद्धात आपली किती माणसे पडली हे सैन्याला बऱ्यापैकी ठाऊक असते. हजेरीपट असतो, घरी कळवायचे असते. शत्रूची किती पडली याचा मात्र अंदाजच बांधावा लागतो, आणि वाद तिथे सुरू होतो.

हा अंदाज दर वेळी लबाडीनेच चुकतो असे नाही. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशातील लढाईत १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. युद्धानंतर जर्मन दप्तरे तपासली गेली तेव्हा हा आकडा साठच्या आसपास निघाला. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या आणि तिघांनाही ते आपणच पाडले असे वाटले, की एकाची तीन होतात. शत्रूची दप्तरे हाती आल्यामुळे ही चूक उघड तरी झाली.

व्हिएतनाममध्ये प्रकरण वेगळे होते. तिथे आघाडीची ठाम रेषाच नव्हती. दिवसा ताब्यात आलेले गाव रात्री गनिमांचे असे. मग सरशी कोणाची, हे ठरवायचे कशावरून? अमेरिकी सैन्याने शत्रूचे मृतदेह मोजायला घेतले. त्याला ‘बॉडी काउंट’ म्हणत. तुकड्यांची कामगिरी या आकड्यांवर जोखली जाऊ लागली. थोडक्यात, ज्याचे भले आकडा फुगण्यात, त्याच्याच हाती मोजणी आली.

याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे ‘ऑपरेशन स्पीडी एक्स्प्रेस’. डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात नवव्या पायदळ डिव्हिजनने मेकाँगच्या दाट वस्तीच्या त्रिभुज प्रदेशात ही मोहीम चालवली. शत्रूचे जवळपास १०,९०० लोक मारल्याचा दावा झाला. हाती आलेली शस्त्रे मात्र ७४८! म्हणजे चौदा-पंधरा मृतांमागे एक शस्त्र.

सैन्याचे उत्तर तयार होते. अनेक जण रात्री किंवा हेलिकॉप्टरमधून मारले गेले, त्यामुळे शस्त्रे गोळा करता आली नाहीत. शिवाय अनेक गनिमांजवळ शस्त्रे नसतच. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. पण रात्री, उंचावरून, निःशस्त्र माणूस पाहून तो गनीम की शेतकरी, हे ठरवले कसे? या प्रश्नाला त्यात उत्तर नाही.

केविन बकली आणि अलेक्झांडर शिमकिन या पत्रकारांनी त्या भागात फिरून, रुग्णालयांच्या नोंदी पाहून हाच प्रश्न धसास लावला. जून १९७२ मध्ये ‘न्यूजवीक’ने त्यांचा वृत्तांत काटछाट करून छापला. त्यानंतर सैन्याने अंतर्गत चौकशी केली. मोहिमेत पाच ते सात हजार नागरिकांची हानी झाली असावी, असे म्हणायला भक्कम आधार आहे, अशी नोंद तिच्या अहवालात होती. तो अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही.

१९७४ मध्ये, स्वतः तिथे लढलेले निवृत्त ब्रिगेडियर जनरल डग्लस किनार्ड यांनी व्हिएतनाममध्ये काम केलेल्या जनरलांना प्रश्नावली पाठवली. उत्तर देणाऱ्यांपैकी ६१ टक्क्यांनी हे आकडे अनेकदा फुगवलेले असत, असे कबूल केले. मोजणीची ही पद्धत योग्य होती असे म्हणणारे निघाले जेमतेम २ टक्के.

‘फुगवलेला आकडा’ म्हटले की कागदावर वाढवलेली शून्ये डोळ्यांपुढे येतात. मेकाँगच्या काठी यातली पुष्कळ प्रेते खरी होती. खोटा होता तो त्यांच्यावरचा शिक्का.