राजापेठेतली ट्रॅक्स आणि जुन्या मर्सिडीजचं दुर्मीळ चाक : यांचा संबंध काय?

अमरावतीच्या राजापेठ चौकात थोडा वेळ उभं राहिलं आणि नशीब बरं असलं, तर एखादी जुनी टेम्पो ट्रॅक्स दिसते. आत दाटीवाटीने बसलेली माणसं, टपावर गाठोडी, मागून काळा धूर. तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

पण जुन्या जर्मन गाड्यांचा नाद असलेला माणूस तिथेच थांबतो आणि कान देऊन आवाज ऐकतो. कारण ट्रॅक्सच्या बॉनेटखाली ज्या घराण्याचं डिझेल इंजिन आहे, तेच एकेकाळी जर्मनीत मर्सिडीज 240 डी या कारमध्ये होतं. इंजिनाचं नाव ओएम 616. चार सिलेंडर, 2.4 लिटर.

हे कसं घडलं, ते बघू.

1958 मध्ये नवलमल फिरोदिया यांनी बजाज टेम्पो ही कंपनी सुरू केली. जोडीला जर्मनीतली विदाल अँड सोन टेम्पो-वेर्क ही कंपनी होती. आपण आज कुठल्याही मालवाहू गाडीला बिनधास्त ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द इथूनच आला. पुढे 1980च्या दशकात याच कंपनीने डाइमलर-बेंझकडून ओएम 616 बनवायचा परवाना घेतला. ते इंजिन ट्रॅव्हलरमध्ये गेलं, ट्रॅक्समध्ये गेलं आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचलं. ‘मर्सिडीजचं इंजिन हाय भाऊ, मरत नसते,’ असं ड्रायव्हर सांगायचे. अर्ध्या लोकांना ती फेकाफेक वाटायची, पण ती नव्हती. 2005 मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

मग जुनी मर्सिडीज चालवणं सोपं झालं का?

इंजिनापुरतं बघितलं तर बरंच सोपं झालं. 240 डी जर्मनीत 1973 मध्ये आली, आधी डब्ल्यू 115 या बॉडीत. 1976 मध्ये डब्ल्यू 123 बाजारात आली. ती जानेवारी 1986 पर्यंत बनली आणि जवळपास 27 लाख विकली गेली. जर्मनीत ती टॅक्सी म्हणून चालली, आफ्रिकेत तर तिच्या पिढ्या झाल्या. भारतात अशा गाड्या फार थोड्या आल्या. काही दूतावासांच्या होत्या, त्या नंतर स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात विकल्या गेल्या. काही आखातातून कायमचे परत येणाऱ्यांनी सोबत आणल्या.

अशा गाडीचं इंजिन उघडलं, तर वऱ्हाडातल्या डिझेल मिस्त्रीला ते ओळखीचं वाटतं. मात्र ‘सगळं जसंच्या तसं बसतं’ या भ्रमात राहू नका. जर्मन इंजिनातही 1978 मध्ये बदल झाले आणि भारतातलं इंजिन पुढे 2.6 लिटरपर्यंत वाढलं. त्यामुळे जुना पार्ट काढून, नवा शेजारी ठेवून, मापं घेऊनच काम करावं लागतं. तरीही इंजिनासाठी कुठेतरी हात पोचतो, हे मोठं सुख आहे.

खरी पंचाईत दुसऱ्याच पार्टची आहे. त्याला म्हणतात ट्यूनर पार्ट.

ट्यूनर म्हणजे कोण?

इथे रेडिओचा संबंध नाही. कंपनीने बनवलेली गाडी घ्यायची आणि ती जास्त वेगवान, जास्त देखणी करून द्यायची, असा धंदा करणाऱ्या छोट्या जर्मन वर्कशॉपना ट्यूनर म्हणतात. आज एएमजी म्हटलं की मर्सिडीजचा महागडा विभाग आठवतो. पण 1967 मध्ये ते दोन इंजिनिअरांचं स्वतंत्र दुकान होतं. हान्स वेर्नर आउफरेख्त आणि एरहार्ड मेल्शर यांनी बुर्गश्टाल गावातल्या एका जुन्या गिरणीत काम सुरू केलं. ‘ए’ आउफरेख्तचा, ‘एम’ मेल्शरचा आणि ‘जी’ आउफरेख्तचं जन्मगाव ग्रोसआस्पाख याचा. 1971 मध्ये त्यांनी अवजड 300 एसईएल सेदानला 6.8 लिटरचं इंजिन देऊन बेल्जियमच्या स्पा इथल्या 24 तासांच्या शर्यतीत उतरवलं आणि ती गाडी दुसरी आली. लाल रंगाच्या त्या गाडीला लोक ‘लाल डुकरीण’ म्हणायला लागले.

बीएमडब्ल्यूच्या बाजूला अल्पिना होती. बुर्कार्ड बोवेनझीपेन यांनी बीएमडब्ल्यू 1500 साठी जोड कार्ब्युरेटर बनवला, तो खुद्द बीएमडब्ल्यूला पसंत पडला आणि 1965 मध्ये कंपनी उभी राहिली. घरचा धंदा टाइपरायटरचा होता, हे विशेष. आणि चाकांचं नाव घ्यायचं तर बीबीएस. 1970 मध्ये बाउमगार्टनर आणि ब्रांड या दोघांनी शिल्टाख गावात ती काढली, तिन्ही नावांची पहिली अक्षरं घेऊन.

एवढं दुर्मीळ का?

संख्या मुळातच कमी होती, हे एक कारण. पण एएमजीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. 1990 मध्ये मर्सिडीजशी करार होईपर्यंत एएमजी वेगळी होती. गिऱ्हाईक कॅटलॉग बघून पार्ट निवडायचा. कुणी फक्त चाकं घ्यायचं, कुणी स्टीअरिंग आणि बंपर, कुणी अख्खं इंजिन. काम कारखान्यातून गाडी बाहेर पडल्यावर व्हायचं. त्यामुळे त्या काळच्या गाडीचा चॅसी नंबर बघून ‘ही खरी एएमजी आहे’ असं सांगता येत नाही. चॅसी नंबरच्या लेखी ती साधी मर्सिडीजच.

मग पुरावा कशाचा? कागदाचा. बिल, वर्कशॉपची नोंद, जर्मनीतल्या तपासणीचं पत्र. म्हणून पक्का संग्राहक पार्ट आधी बघत नाही, ‘कागद आहे का?’ हे आधी विचारतो. कागदासकट आलेलं चाक आणि तसंच दिसणारं बिनकागदाचं चाक यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कागद नसेल तर लोखंड वाचावं लागतं. जर्मनीत रस्त्यावर वापरायच्या चाकाला सरकारी मान्यता लागते. फ्लेन्सबुर्ग इथलं वाहन कार्यालय, म्हणजे केबीए, जो मान्यता क्रमांक देतं तो चाकावर उठवलेला असतो. सोबत रुंदी, व्यास आणि ऑफसेटचे आकडे असतात. नकली माल बनवणारे समोरची डिझाइन हुबेहूब करतात, पण मागच्या बाजूला गडबडतात. चाक विकत घेताना विक्रेत्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागायचा. द्यायला टाळाटाळ झाली की काय ते समजून घ्यायचं.

1983 मध्ये आलेल्या बीबीएस आरएस चाकाची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते तीन तुकड्यांचं असतं. मधली जाळी, बाहेरची कड आणि आतली कड, गोल ओळीत बोल्टांनी जोडलेली. खड्ड्यात कड वाकली तर फक्त कड बदलता येते, रुंदीही वाढवता येते. म्हणून लोक मोडलेली आरएससुद्धा उचलतात. जाळी शाबूत असली की पुरे.

भारतात अडतं कुठे?

परदेशातून मागवू, असं वाटेल. पण जुना, वापरलेला पार्ट हा कायद्याने ‘सेकंड हँड’ माल ठरतो आणि यंत्रसामग्री सोडून बाकीचा सेकंड हँड माल परवान्याशिवाय आयात करता येत नाही. डब्यातून कधी बाहेरच न निघालेला जुना पार्ट मिळाला तर वेगळी गोष्ट. तो जुना असला तरी वापरलेला नसतो. म्हणून अशा पार्टसाठी लोक जास्त पैसे मोजतात.

उरतं भंगार. मुंबईत कुर्ला, चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत मायापुरी. तिथे मर्सिडीजचा आरसा किंवा दाराचं हँडल मिळेलही. चाळीस वर्षांपूर्वीचं एएमजीचं चाक मिळणं म्हणजे लॉटरीच.

आणि बसवल्यावर?

इथे कायदा येतो, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. बेकायदा बदलाला दर बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुसरा नियम जुलै 2021 चा, व्हिंटेज गाड्यांचा. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जास्त झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीची फी 20 हजार रुपये, नोंदणी 10 वर्षांची. गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झाला असेल तर ती व्हिंटेज नाही.

आता राजापेठेतल्या ट्रॅक्सकडे परत या. 1976 ची पहिली डब्ल्यू 123 2026 मध्ये पन्नाशी गाठते. तिचं इंजिन बसलं, तर ट्रॅक्सचं अख्खं इंजिन टाकून मोकळं व्हायचा मोह होणारच. ते कदाचित चालेलही. पण आरसीवरचा इंजिन नंबर जुळणार नाही, आरटीओची परवानगी लागेल आणि व्हिंटेज प्लेटचा दावा कमजोर होईल. त्यापेक्षा गाडीचं मूळ इंजिन तसंच ठेवून आत मापाचे जुळणारे पार्ट घालणं शहाणपणाचं. एएमजीचा कॅमशाफ्ट किंवा पिस्टन मिळाला, तरी हाच हिशोब.

चाकांचं तसं नाही. ती चार बोल्ट जास्त फिरवून परत काढता येतात. म्हणून जाणकार लोक कंपनीची मूळ लोखंडी चाकं कधीच भंगारात देत नाहीत, घरात रचून ठेवतात. तपासणीला लोखंडी, प्रदर्शनात अल्पिना किंवा एएमजी.

फक्त चाकं बदलताना बोल्टही बदलायचे. मर्सिडीजला नट नसतात, बोल्ट थेट हबमध्ये जातात. अलॉय चाक जाड असल्याने त्याला लांब बोल्ट लागतात. लोखंडी चाकाचे आखूड बोल्ट अलॉयला लावले तर ते दोन-चार आटेच धरतात, आणि गाडी उभी असताना हे बाहेरून कळत नाही.