जीआयएस प्रणालीत नकाशा-स्तरांचे परस्परव्यापी क्षेत्र : जालना जिल्ह्यातील पाणलोट व गावसीमा

प्रस्तावना : १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात पाणलोट विकासाचे कडवंचीसारखे उदाहरण सर्वपरिचित आहे. पाणलोट क्षेत्राची सीमा जलविभाजकावरून ठरते, तर गावाची सीमा महसुली अभिलेखावरून. त्यामुळे एकच पाणलोट क्षेत्र अनेक गावांत विभागलेले असू शकते. कोणत्या गावाचे किती क्षेत्र त्यात येते, हे ठरविण्यासाठी दोन्ही स्तरांचा छेद घ्यावा लागतो.

कार्यपद्धती : प्रथम दोन्ही स्तर एकाच प्रक्षेपणात आणावेत. जालन्यासाठी यूटीएम विभाग ४३ उत्तर योग्य ठरतो. नंतर बहुभुजांतील भूमितीय दोष दुरुस्त करावेत. क्यूजीआयएसमधील 'इंटरसेक्शन' ही क्रिया केवळ सामाईक भाग ठेवते व दोन्ही स्तरांची माहिती त्यास जोडते; 'क्लिप' क्रियेत मात्र दुसऱ्या स्तराची माहिती येत नाही. शेवटी चौरस मीटरांना १०,००० ने भागले असता क्षेत्र हेक्टरमध्ये मिळते.

मर्यादा : भिन्न प्रमाणांच्या नकाशांच्या छेदातून सीमेलगत अरुंद, फसव्या पट्ट्या निर्माण होतात. १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. एवढ्या विचलनाने १०० मीटर लांबीच्या बांधालगतची पाव हेक्टर जमीन पाणलोट क्षेत्राबाहेर दिसू शकते. अल्पभूधारकाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हे.

निष्कर्ष : छेदक्षेत्राची अचूकता मूळ नकाशांहून अधिक असू शकत नाही. म्हणून लाभार्थींची यादी अंतिम करण्यापूर्वी सीमेवरील गट क्रमांकांची प्रत्यक्ष शिवारात पडताळणी होणे आवश्यक आहे.