ॲटम प्रोसेसर आणि कंपायलरचे पर्याय
इंटेलने 2008 साली आणलेल्या आणि छोट्या नेटबुकांमध्ये सर्रास वापरल्या गेलेल्या ॲटम प्रोसेसरच्या पहिल्या पिढीत, वीज वाचावी म्हणून, आज्ञांचा क्रम आपणहून बदलण्याची यंत्रणाच ठेवलेली नव्हती. त्यामुळे एखादी आज्ञा मेमरीतून येणाऱ्या आकड्यासाठी अडली, की तिच्यामागच्या आज्ञाही खोळंबत. ही जुळवाजुळव येथे कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रणालीला, आधीच करून ठेवावी लागते.

जीसीसी या मुक्त कंपायलरच्या 2010 मधील 4.5 आवृत्तीत ॲटमसाठी खास सोय झाली. तिच्यातील ‘एमट्यून’ हा पर्याय केवळ आज्ञांची मांडणी बदलतो, उदाहरणार्थ आकडा मागवणारी आणि तो वापरणारी आज्ञा यांच्यामध्ये दुसरे स्वतंत्र काम बसवतो, आणि असा प्रोग्रॅम इतरत्रही चालतो. ‘मार्च’ मात्र बाइटांचा क्रम उलटवून आकडा वाचणाऱ्या ‘मूव्हबीई’सारख्या आज्ञा वापरण्याची मुभा देतो, आणि ती आज्ञा समोर येताच कोअर 2 सारख्या अधिक ताकदवान प्रोसेसरवर प्रोग्रॅम बंद पडतो. दुसऱ्यांसाठी प्रोग्रॅम तयार करताना हा फरक विसरणे फार महागात पडते.

प्रोग्रॅम वेगवान करण्याच्या कंपायलरच्या पातळ्यांपैकी ‘ओ3’ या चढ्या पातळीचा मोहही आवरलेला बरा, कारण तीत फंक्शनचा मजकूर जागोजागी उतरवल्याने प्रोग्रॅम फुगतो, आणि आज्ञांसाठीची जलद साठवण, म्हणजे कॅशे, येथे अवघी 32 किलोबाइटांची असते. ‘ओ2’पासून आरंभ करून, प्रत्यक्ष त्याच यंत्रावर वेळ मोजून, मगच पुढचा पर्याय निवडणे श्रेयस्कर.