पार्व्होतून उठलेले पिल्लू आणि वस्तीचे अंगण

पार्व्हो झालेले पिल्लू सलाईनवर तग धरून तिसऱ्या-चौथ्या दिवशी उभे राहिले, शेपूट हलवू लागले आणि चमचाभर पेज चाटू लागले, की घरातील माणसांना आजार संपल्यासारखे वाटते आणि त्याच्या गळ्यातील दोरी सोडली जाते. संसर्गाच्या दृष्टीने नेमका हाच काळ सर्वांत धोक्याचा असतो. पिल्लू बरे होणे आणि ते इतर कुत्र्यांसाठी निर्धोक होणे या दोन वेगळ्या घटना असून त्यांच्यामध्ये साधारण दोन आठवड्यांचे अंतर असते. पिल्लू ज्या जमिनीवर आजारी पडले ती जमीन निर्धोक व्हायला तर कित्येक महिने जावे लागतात. उपचार पशुवैद्यकाच्या हाती असतात, परंतु या मधल्या काळातील दक्षता सर्वस्वी घरातील माणसांनाच घ्यावी लागते.

बोलण्यात ‘पार्व्हो’ किंवा नुसता ‘गॅस्ट्रो’ म्हटल्या जाणाऱ्या या रोगाचा विषाणू 1978 च्या सुमारास जगाच्या अनेक भागांत जवळजवळ एकाच वेळी आढळला. मांजरांमध्ये पूर्वीपासून असलेल्या पॅनल्यूकोपेनिया या रोगाच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते आहे. तो शरीरातील झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर, म्हणजे आतड्याच्या अस्तरातील, अस्थिमज्जेतील आणि लसिका ग्रंथींमधील पेशींवर हल्ला करतो. त्यामुळे एकीकडे आतड्याचे अस्तर गळून रक्ताची हगवण लागते आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी घटल्याने प्रतिकाराची ताकदही खालावते. संसर्ग झाल्यावर चार-पाच दिवसांत, म्हणजे बहुधा लक्षणे दिसण्याआधीच, विषाणू विष्ठेतून बाहेर पडू लागतो, आणि पिल्लू हिंडू-फिरू लागल्यावरही सुमारे दहा दिवस, काही वेळा त्याहून अधिक काळ, तो पडतच राहतो. आजार भरात असताना एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असू शकतात आणि नव्या पिल्लाला बाधा व्हायला त्यांतील अगदी थोडे पुरतात. म्हणून लक्षणे पूर्ण थांबल्यानंतर किमान 14 दिवस पिल्लाला वेगळे ठेवावे, असा दंडक पाळला जातो.

वेळापूरसारख्या ठिकाणी हे वेगळे ठेवणे शहरातील सदनिकेपेक्षा अवघड आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याचा हा भाग नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर पिकणारा, उसाचा आहे. बरीच कुटुंबे गावठाणात न राहता रानातल्या वस्तीवर राहतात, आणि वस्तीवरचा कुत्रा राखणीला असल्याने तो रात्री मोकळाच असतो. गाळप हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या फडाजवळ कोप्या टाकतात, त्यांच्याबरोबर त्यांची कुत्री आणि पिल्लेही येतात, आणि हंगाम संपला की ती परत जातात. आषाढात संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम वेळापुरात असतो, त्या दिवसांत तर गावाच्या रस्त्यांवरून असंख्य पावले जातात. हा विषाणू पसरायला आजारी कुत्रे समोर यावेच लागते असे नाही. चपलेचा तळ, ट्रॅक्टरचे चाक, बैलाचे खूर, विष्ठेवर बसलेली माशी यांपैकी काहीही पुरते. गाईगुरांना आणि माणसांना कुत्र्यांचा पार्व्हो होत नाही. माणसांत आढळणारा पार्व्होविषाणू वेगळा आहे. परंतु न होणे आणि न वाहून नेणे यांतील फरक वस्तीवर फारसा ध्यानात घेतला जात नाही, आणि प्रसाराचे मोठे कारण तेच आहे.

पिल्लासाठी जागा निवडताना ती उबदार व हवेशीर असावी एवढे पाहून भागत नाही, तर तिची जमीन धुता येईल का हे आधी पाहावे लागते. शहाबादी फरशीची पडवी, सिमेंटचा कोबा केलेली मोटरीची खोली किंवा न्हाणीघराचा कोपरा चालतो. गोठ्यातील मातीची जमीन चालत नाही. अंथरायला जुने धोतर, पोते किंवा कागद असा जाळून टाकता येईल असाच माल घ्यावा. पिल्लाची वाटी, घमेले आणि खराटा त्या खोलीबाहेर नेऊ नयेत. शुश्रूषा एकाच माणसाने करावी, आणि घरात दुसरी कुत्री असतील तर त्यांचे खाणेपिणे आधी आटोपून आजारी पिल्लाकडे शेवटी जावे. दाराशी वेगळी चप्पल आणि जुना सदरा टांगलेला असावा. हात साबणाने चोळून धुतल्यावर विषाणू मरत नाही, तो वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. हाताला लावायच्या अल्कोहोलच्या द्रवाने तर तेवढेही साधत नाही.

यामागचे कारण विषाणूच्या रचनेत आहे. काही विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण किंवा अल्कोहोल ते विरघळवून विषाणू निकामी करतात. पार्व्होवर असे आवरणच नाही. प्रथिनाच्या घट्ट कवचात बसलेला, सुमारे 25 नॅनोमीटर व्यासाचा हा कण ऊन, थंडी आणि कोरडेपणा सोसतो. घरात तो दोन महिने किंवा त्याहूनही जास्त टिकतो. जागा ‘स्वच्छ’ करायची म्हणून वस्तीवर सर्वांत आधी फिनेलची बाटली उघडली जाते, त्याचा वास दरवळतो, घरच्यांचे समाधान होते, आणि विषाणू जागच्या जागी राहतो.

ज्याचा उपयोग होतो ते क्लोरीन गावात आधीपासूनच असते. ग्रामपंचायत पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी जी ब्लीचिंग पावडर वापरते, जिला सर्वजण टीसीएल म्हणतात, तीच येथे कामाला येते. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपलब्ध क्लोरीन, म्हणजे जंतुनाशाला प्रत्यक्ष उपयोगी पडणारा क्लोरीन असतो. अशी पावडर 10 लिटर पाण्याला 60 ग्रॅम घेतली तर सुमारे 0.2 टक्क्याचे द्रावण होते आणि ते पार्व्होला पुरेसे असते. पिशवी उघडी राहून पावडर ओली झाली असेल, गाठी धरल्या असतील, तर ताकद उतरलेली असते. 20 टक्क्यांच्या पावडरीचे त्याच बादलीला 100 ग्रॅम लागतात. पावडर प्रथम मगभर पाण्यात कालवून गाठी मोडाव्यात, मग प्लास्टिकच्या बादलीत ओतून ढवळावे आणि अर्धा तास स्थिर ठेवावे. चुन्याचा पांढरा गाळ तळाशी बसतो आणि वर फिकट पिवळसर निवळी राहते. वापरायची ती ही निवळी. गाळ फरशीवर आला तर नुसता पांढरा थर होतो. उन्हात आणि उघड्यावर द्रावण लवकर निकामी होत असल्याने ते रोज नवे करावे लागते.

तरीही निम्मे काम क्लोरीनच्या आधीचे आहे. विष्ठा, उलटी, लाळ असा कोणताही सेंद्रिय मळ शिल्लक असला, की क्लोरीन त्याच्याशीच संयोग पावून संपतो आणि विषाणूपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे आधी मळ कागदाने उचलायचा, मग कपडे धुण्याच्या पावडरच्या पाण्याने जागा घासून धुवायची, साधे पाणी ओतून तो फेस पूर्ण काढायचा, आणि त्यानंतरच निवळी अशी ओतायची की फरशी पुरी 10 मिनिटे ओली राहील. फरशीच्या सांध्यांत, दाराच्या उंबऱ्याशी आणि भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात ती मुद्दाम पोहोचवावी लागते, कारण हगवणीचे शिंतोडे दिसतात त्याहून बरेच वर उडालेले असतात. उन्हाळ्यात वेळापूरच्या कोरड्या हवेत फरशी चार-पाच मिनिटांतच सुकू लागते, तेव्हा दुसरा मग ओतावाच लागतो. लघवी आधी धुतलेली असावी आणि संडास साफ करायचे ॲसिड या पाण्यात चुकूनही मिसळू नये, कारण दोन्हींमुळे घातक वायू सुटतात. शेवटी साध्या पाण्याने धुऊन, वास गेल्यावर पिल्लाला परत आत घ्यावे.

मातीपुढे मात्र हा उपाय थिटा पडतो. सारवलेल्या अंगणाचा वरचा थर शेणाचाच असतो, म्हणजे क्लोरीनला खाऊन टाकणारा सेंद्रिय पदार्थच तेथे पसरलेला असतो, आणि त्यावर ओतलेले द्रावण वाया जाते. वरचा मळलेला थर खरवडून, खोल खड्ड्यात पुरून ती जागा उन्हाला मोकळी ठेवावी. तिथे पाच महिने, आणि झाडाखालच्या ओलसर सावलीत सात महिने, लस न झालेले पिल्लू येऊ देऊ नये, असा अंदाज निवारागृहांच्या व्यवहारात धरला जातो. पिल्लाची विष्ठा उकिरड्यावर टाकण्याची सवय तर निश्चितच मोडली पाहिजे. उकिरड्यावर भटकी कुत्री तोंड घालतात, आणि तोच उकिरडा पुढे शेणखत म्हणून गाडीत भरून रानभर पांगवला जातो.

वस्तीच्या कुंपणाबाहेर काय घडते, याची साक्ष याच जिल्ह्यात उपलब्ध आहे. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरातील मोकाट कुत्री आणि खोकड यांच्या विषाणूजन्य रोगांवर अनिरुद्ध बेलसरे, अबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात पार्व्होविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. याचा अर्थ ती कुत्री कधी ना कधी या विषाणूच्या संपर्कात येऊन वाचलेली होती. जी पिल्ले वाचली नाहीत, ती अशा मोजणीत येत नाहीत. कोल्हा, लांडगा, खोकड हे सारे कुत्र्याच्याच कुळातील असल्याने, माळावर फिरणाऱ्या कुत्र्याची विष्ठा हा त्यांच्याही जिवाचा प्रश्न ठरतो.

बरे झालेल्या पिल्लाला पुढे या रोगाविरुद्ध दीर्घकाळ, बहुधा कित्येक वर्षे, संरक्षण मिळते. काळजी करायची ती त्याच्या पाठच्या आणि शेजारच्या पिल्लांची. त्याच वेताची भावंडे आजारी दिसत नसली तरी त्यांच्यावर 14 दिवस लक्ष ठेवावे आणि ती कोणाला देऊ नयेत. वस्तीवरची पिल्ले शेजारीपाजारी, पाहुण्यारावळ्यांत वाटली जातात, आणि रोगही याच वाटेने दुसऱ्या गावी पोहोचतो. लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होते, परंतु आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे काही आठवडे त्या लसीलाच निष्प्रभ करतात, आणि ती कोणत्या पिल्लात कधी ओसरतील हे बाहेरून कळत नाही. म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा देत 16 आठवड्यांचे वय पूर्ण होईपर्यंत जावे लागते. ‘एक सुई दिली आहे’ हे उत्तर पुरे नाही. लाळ्या-खुरकुताच्या लसीची वेळ जशी गुरे पाळणाऱ्याला तोंडपाठ असते, तशी ही तारीखही दावणीशेजारच्या भिंतीवर लिहिलेली असावी. लसीची कुपी 2 ते 8 अंश तापमानात राहावी लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर असताना ती अकलूजहून खिशात घालून आणणे म्हणजे पैसे वाया घालवणेच होय. ती बर्फाच्या डब्यातूनच आणावी.

चौदावा दिवस उलटल्यावर पिल्लाला कोमट पाण्याने आणि शाम्पूने अंघोळ घालावी, कारण त्याच्या केसांत, विशेषतः शेपटीखाली आणि पंजांच्या बेचक्यांत, विषाणू चिकटून राहिलेला असतो. ती दुपारच्या उन्हात, त्याच धुता येणाऱ्या फरशीवर घालावी, अंग टिपलेला पंचा जाळावा, त्या फरशीला निवळीचा आणखी एक हात द्यावा, आणि मगच गळ्यातील दोरी सोडावी.