थर्ड इयर संपलं आणि कळलं, लाईन चुकली

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी हा भाग इथे लिहून देतोय. बोलता बोलता झालेली बडबड थोडी कापली आहे, तेवढं चालवून घ्या.

सध्या व्हॉइस नोटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "दादा, थर्ड इयर झालं. आता ही ब्रांच नकोशी झालीय. उशीर झाला का?"

ब्रांच बदलायला म्हणाल तर हो, झाला. बहुतेक कॉलेजांत ब्रांच चेंज फक्त पहिल्या वर्षानंतर होतो, तोही मेरिटवर आणि जागा रिकामी असेल तर. सहाव्या सेमिस्टरला कुणी ब्रांच बदलून देत नाही. पण ब्रांच बदलणं आणि दिशा बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी मेकॅनिकलचा. आप्पा सांगलीकडे साखर कारखान्यात फिटर होते, त्यामुळे मी काय शिकायचं हे मी चौथीत असतानाच ठरलं होतं. हीट ट्रान्सफरला केटी लागली तेव्हा मला वाटलं, झालं, आपली लाईनच चुकली. पण ते खरं नव्हतं. त्या सेमला मी अभ्यासच केला नव्हता. खरं कळलं ते पुढे सुट्टीत. पायथन शिकताना रात्रीचे दोन वाजले तरी भान राहायचं नाही, आणि मशीन डिझाईनचं पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत मोबाईल हातात. म्हणून आधी एवढं तपासा : विषय नको झालाय, की केटी, की कॉलेज? केटीचा राग विषयावर काढू नका.

घरी सांगितलं तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "मग तीन वर्षं काय केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एज्युकेशन लोन चालू होतं. आई मध्येच चहा ठेवायला उठली. थोड्या वेळाने आप्पांनी विचारलं, "डिग्री पुरी करणार ना?" मी हो म्हणालो. तो हो फार महत्त्वाचा ठरला.

कारण माझ्या एका मित्राने त्याच वर्षी कॉलेज सोडलं. त्याला वकील व्हायचं होतं. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण पदवी लागते. नाहीतर बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स, म्हणजे पुन्हा शून्यापासून. दोन वर्षांनी तो केटीचे पेपर द्यायला परत आला. डिग्री किती वर्षांत संपवायची याची विद्यापीठाची मर्यादा असते, त्यात तो कसाबसा बसला. आमच्या बीटेकच्या कागदावर मेकॅनिकल लिहिलंय याने फार अडत नाही. कागदच नसेल तर फॉर्मच्या पहिल्या रकान्यात अडतं. आयआयटी मुंबईची सीईईडी देऊन डिझाईनकडे जा, नाहीतर एमबीएसाठी कॅट द्या. शेवटच्या वर्षात असताना या दोन्ही परीक्षांना बसता येतं, पण शेवटी पदवी दाखवावीच लागते.

आता शेवटच्या वर्षाचं. सगळा सिलॅबस घट्ट आवळलेला असतो, पण दोन-तीन बोल्ट सैल असतात. ओपन इलेक्टिव्ह, इंटर्नशिप, आणि सगळ्यात मोठा म्हणजे फायनल इयर प्रोजेक्ट. माझ्या ग्रुपला गिअरबॉक्सचं मॉडेल करायचं होतं. मी गाईड सरांच्या मागे लागून विषय बदलून घेतला. बेअरिंगवर सेन्सर लावायचा, व्हायब्रेशनचा डेटा घ्यायचा, आणि बेअरिंग खराब होतंय का हे कोडने ओळखायचं. सर म्हणाले, "मेकॅनिकल दिसलं पाहिजे." दिसत होतं की! बेअरिंगपेक्षा मेकॅनिकल काय असतं? पुढे पहिल्या इंटरव्ह्यूत अर्धा तास त्याच प्रोजेक्टवर गेला. ब्रांचबद्दल एकच प्रश्न आला.

मास रिक्रूटर कंपन्या कुठल्याही ब्रांचची मुलं घेतात. तिथे बघतात ते टक्के आणि लाईव्ह बॅकलॉग. म्हणून नवीन शिकायच्या नादात जुनी केटी तशीच ठेवू नका. मी ठेवली होती. एका कंपनीच्या ड्राईव्हला बसताच आलं नाही.

तुम्हाला आमच्यापेक्षा वाटा जास्त आहेत. आमच्या वेळी बीटेकवाल्यांना गेट शेवटच्या वर्षीच देता यायची. २०२१ पासून थर्ड इयरलाही देता येते आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. मेकॅनिकलवाला कॉम्प्युटर सायन्सचा पेपर देऊ शकतो, आणि २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपरही आहे. फक्त एमटेकला काही संस्था मूळ ब्रांच बघतात, त्यामुळे पात्रतेचं पान आधी वाचा, क्लास नंतर लावा. २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन डिग्र्या करायला परवानगी दिली. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाईन बीएस त्यामुळे कॉलेज सांभाळून करता येतो. पण थर्ड इयरला सबमिशन, व्हायवा आणि वर हे, असं झेपेल का ते तुमचं तुम्ही बघा. मला झेपलं नसतं.

आणि घरच्यांशी बोलायला जाताना "मला हे नको" एवढंच घेऊन जाऊ नका. किती महिने लागतील, पैसे किती, लोनचे हप्ते कधी सुरू होणार, हे एका कागदावर लिहून न्या. लोनचा हप्ता साधारण कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतो, पण तुमच्या बँकेत विचारून घ्या. मी मोघम बोललो होतो. आप्पांना राग आला नव्हता, भीती वाटली होती, हे मला फार उशिरा कळलं.

ते अजून नातेवाईकांना सांगतात, "पोरगा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, पुण्याला असतो." मी दुरुस्त करत नाही.

कुणाचं सहावं सेम चालू असेल आणि डोक्यात हेच घोळत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. ब्रांच आणि शिल्लक केट्या दोन्ही सांगा. लाजू नका, माझ्या तीन होत्या.