मुलीला बॉक्सिंगला पाठवावे काय?

गेल्या महिन्यातली गोष्ट. रविवारी सकाळी आमच्याकडे खापरखेड्याचेच एक ओळखीचे गृहस्थ आले. वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला आहेत. सोबत नववीत शिकणारी मुलगी होती. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, पोरगी म्हणते मले बॉक्सिंग शिकाची. तिची माय म्हणते, नाकाचं हाड मोडलं त पोरीले करन कोन? आता तुम्हीच सांगा."

मुलीने लगेच उत्तर दिले, "काका, नागपूरची अल्फिया पठाण जगात पहिली आली. मग मी काहून जाऊ नये?"

प्रश्न सोपा वाटला तरी सोपा नव्हता. "जा पोरी, नाव काढ" असे म्हणून पाठ थोपटणे सोपे होते. "हा आपल्यासारख्यांचा खेळ नाही" असे म्हणून तिला घरी बसवणे त्याहूनही सोपे. आम्ही त्यांना पुढच्या रविवारी या असे सांगितले. त्या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि आठवले ते येथे मांडत आहोत. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या वस्त्यांतल्या अनेक घरांत तो आज ना उद्या येणार आहे.

नागपूरची अल्फिया

आधी त्या मुलीच्या बोलण्याकडे वळू. अल्फिया पठाण ही नागपूरची. वडील पोलीस खात्यात. मानकापूरच्या क्रीडा संकुलात प्रशिक्षक गणेश पुरोहित यांच्या हाताखाली ती घडली. २०१९ साली ती आशियाई कनिष्ठ स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधील किएल्त्से शहरात झालेल्या जागतिक युवा स्पर्धेत उतरली.

तो एप्रिल नागपूरकर विसरलेले नाहीत. कोरोनाची दुसरी लाट होती. दवाखान्यात खाट मिळत नव्हती आणि घाटावर रांगा लागत होत्या. फोन वाजला की पोटात गोळा यायचा. अशा दिवसांत ८१ किलोवरील वजनगटाच्या अंतिम लढतीत अल्फियाने मोल्दोव्हाच्या दारिया कोझोरेझ हिला ५-० ने हरवले. म्हणजे पाचही गुणदात्यांनी कौल तिच्या बाजूने दिला. त्या स्पर्धेत भारताच्या सात मुली अंतिम फेरीत पोहोचल्या आणि सातही जणी सुवर्णपदक घेऊन परतल्या. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, कझाकस्तानातील एलोर्डा चषक स्पर्धेत तिने २०१६ ची विश्वविजेती लज्जत कुंगेबायेवा हिला तिच्याच देशात ५-० ने नमवून सुवर्ण जिंकले.

यातून एक गोष्ट सिद्ध होते. जगात पहिले येण्यासाठी नागपूरच्या मुलीला हरियाणात किंवा मणिपुरात जन्म घ्यावा लागत नाही. चांगला प्रशिक्षक, रोजचा सराव आणि पाठीशी उभे राहणारे आईवडील असले की पगारावर चालणाऱ्या घरातूनही जगज्जेती निघते. शिवाय महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सेनादल यांतही खेळाडूंची भरती होते. म्हणून हा खेळ म्हणजे नुसती हौस, असे कोणी समजू नये.

पण नाणे उलटूनही पाहिले पाहिजे. त्यासाठी आम्ही वाचकांना थोडे लांब, लंडनला नेतो.

लंडनचा मायकेल वॉटसन

मायकेल वॉटसन हा लंडनच्या हॅकनी भागातला. १९६५ चा जन्म. घर जमैकाहून आलेल्या काळ्या लोकांचे आणि वस्ती कष्टकऱ्यांची. लहानपणी तो वस्तीजवळच्या क्लबात बॉक्सिंग शिकला आणि १९८४ मध्ये व्यावसायिक झाला, म्हणजे पैशासाठी लढू लागला. मे १९८९ मध्ये त्याची गाठ नायजेल बेनशी पडली. बेनने तोपर्यंतच्या २२ च्या २२ लढती समोरच्याला आडवे करून जिंकल्या होत्या. वॉटसनने डोके शांत ठेवले, ठोसे अडवले, बेनला थकू दिले आणि सहाव्या फेरीत त्यालाच खाली बसवले.

जून १९९१ मध्ये तो क्रिस युबँकशी लढला. निकाल युबँकच्या बाजूने लागला, पण पाहणाऱ्यांपैकी अनेकांना वॉटसनच जिंकला असे वाटले. म्हणून पुन्हा लढत ठरली. २१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनच्या व्हाइट हार्ट लेन या फुटबॉल मैदानावर दोघे उतरले. या वेळी गट होता सुपर मिडलवेट. या गटात वजनाची मर्यादा १६८ पौंड, म्हणजे सुमारे ७६ किलो असते.

ती लढत वॉटसन जिंकत चालला होता. अकराव्या फेरीत त्याने युबँकला खाली पाडले. युबँक उठला आणि फेरी संपता संपता त्याने खालून वर असा एक ठोसा मारला. वॉटसन मागे कोसळला आणि त्याचे डोके रिंगणाच्या दोरावर आपटले. बाराव्या फेरीला तो उभा राहिला, पण त्याच्यात त्राण उरले नव्हते. पंचांनी लढत थांबवली. थोड्याच वेळात तो शुद्ध हरपून पडला.

आता आपल्या विषयाची खरी गोष्ट येते. डोक्याला जोराचा ठोसा बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो. कधी कधी त्यावरील बारीक शीर तुटते आणि रक्त साचू लागते. कवटी हाडाची असल्यामुळे त्या रक्ताला बाहेर वाट नसते. ते मेंदूलाच दाबत जाते. अशा वेळी तासाचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो. ताबडतोब प्राणवायू द्यावा लागतो, श्वासनलिकेत नळी घालावी लागते आणि थेट मेंदूची शस्त्रक्रिया होते त्याच दवाखान्यात न्यावे लागते.

त्या रात्री हजारो प्रेक्षक होते, टीव्हीचे कॅमेरे होते, प्रकाशझोत होते. पण डॉक्टर वॉटसनपर्यंत पोहोचायला सातेक मिनिटे गेली. रिंगणाजवळ प्राण वाचवण्याची पूर्ण सामग्री नव्हती. पहिल्यांदा ज्या दवाखान्यात नेले तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तिथून दुसरीकडे हलवावे लागले. वॉटसन ४० दिवस बेशुद्ध होता. डोक्याच्या सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुढची कित्येक वर्षे चाकाच्या खुर्चीत गेली. तेव्हा त्याचे वय अवघे २६ होते.

तो न्यायालयात गेला

येथे बहुतेक कथा संपतात. गरिबाचा मुलगा पडला, लोक हळहळले आणि विसरले. वॉटसनने तसे होऊ दिले नाही. त्याने ब्रिटिश बॉक्सिंग नियामक मंडळावर दावा लावला.

मंडळाचे म्हणणे होते की आम्ही फक्त नियम करतो, लढत आम्ही भरवली नव्हती, नफा आम्ही घेतला नाही, मग जबाबदारी आमची कशी? असे उत्तर आपल्यालाही अनोळखी नाही. मुख्य मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो आणि ठेकेदार पोटठेकेदाराकडे.

न्यायालयाने ते मान्य केले नाही. १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि डिसेंबर २००० मध्ये अपील न्यायालयाने वॉटसनच्या बाजूने निकाल दिला. त्याचा सारांश असा की रिंगणाजवळ वैद्यकीय सोय काय असावी हे मंडळच ठरवते. खेळाडू त्या नियमांवर विसंबून रिंगणात उतरतो. मग ते नियम अपुरे असतील तर त्याची जबाबदारी मंडळावरच येते. खेळाडूने जखमेचा धोका पत्करला असेल, पण उपचार न मिळण्याचा धोका त्याने पत्करलेला नाही. मंडळाने विमाही काढलेला नव्हता. शेवटी २००१ मध्ये ४ लाख पौंडांवर तडजोड झाली. एका माणसाच्या उद्ध्वस्त आयुष्याच्या मानाने ही रक्कम मोठी नव्हे. पण त्या निकालाने खेळ चालवणाऱ्यांची जबाबदारी कायद्यात पक्की झाली.

२००३ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये हाच वॉटसन उतरला. ४२ किलोमीटरचे अंतर त्याने रोज थोडे थोडे चालून सहा दिवसांत पूर्ण केले. सोबत त्याचे प्राण वाचवणारे शल्यचिकित्सक पीटर हॅम्लिन होते, आणि क्रिस युबँकही होता.

मग आपण काय करावे?

या दोन हकिकतींत फरक आहे, तो वाचकांनी ध्यानात घ्यावा. वॉटसन व्यावसायिक होता. त्याची लढत बारा फेऱ्यांची होती आणि डोक्यावर संरक्षण नव्हते. आपली मुले शिकतात ते हौशी बॉक्सिंग. तिथे तीन फेऱ्या असतात, मुलामुलींना हेडगार्ड घालावे लागते आणि मार जास्त बसू लागला की पंच लढत लवकर थांबवतात. त्यामुळे धोका पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही. हेडगार्डमुळे कपाळ फुटणे, भुवई फाटणे वाचते. आतला मेंदू हलण्याचे ते थांबवू शकत नाही.

आपल्या गावात वीज केंद्र आहे, जवळ कोळशाच्या खाणी आहेत. हेल्मेट, सेफ्टी बेल्ट म्हणजे काय हे आपल्या माणसांना शिकवावे लागत नाही. कामावर जाताना जी चौकशी आपण करतो, तीच मुलाला रिंगणात पाठवताना करावी. दुसऱ्या रविवारी आम्ही त्या गृहस्थांना पाच प्रश्न कागदावर लिहून दिले.

पहिला, सरावाची लढत त्याच वजनाच्या आणि त्याच तयारीच्या जोडीदाराशीच लावतात काय? दुसरा, हेडगार्ड, दातांचे गार्ड आणि चांगले ग्लोव्हज प्रत्येकाला मिळतात काय, की एकच संच सगळे वापरतात? तिसरा, डोक्याला मार लागून लढत थांबली तर मुलाला विश्रांती देतात काय? आंतरराष्ट्रीय हौशी नियमांत अशा वेळी किमान ३० दिवस रिंगणाबाहेर ठेवतात. चौथा, स्पर्धेच्या दिवशी डॉक्टर आणि अॅम्ब्युलन्स हजर असतात काय, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता हे आयोजकांना ठाऊक असते काय? पाचवा, मुलांचा विमा काढलेला आहे काय?

आयांसाठीही एक सूचना. सरावाहून आलेले मूल डोके फार दुखते म्हणाले, उलट्या करू लागले, बोलताना अडखळू लागले किंवा अवेळी गाढ झोपी जाऊ लागले, तर "थकली असेल, झोपू द्या" असे म्हणू नका. रात्र असो की पाऊस, गाडी करा आणि नागपूरला मेडिकलला न्या.

ते गृहस्थ कागद खिशात घालून मुलीला घेऊन सरावाच्या ठिकाणी गेले. तिथल्या प्रशिक्षकांना राग आला नाही. त्यांनी कागद वाचला आणि मुलीच्या वडिलांना खुर्ची दिली. पहिल्या तीन प्रश्नांना त्यांनी होय म्हटले आणि साहित्य उघडून दाखवले. अॅम्ब्युलन्सबद्दल ते खरे बोलले. मोठ्या स्पर्धेत असते, लहान स्पर्धेत कधी असते, कधी नसते. विम्याचे त्यांनाही नक्की माहीत नव्हते. "तुम्ही पालक मिळून लेखी मागा, मीही सही करतो," असे ते म्हणाले.

तो अर्ज आम्हीच लिहून दिला. मजकूर चार ओळींचा आहे: डॉक्टर व अॅम्ब्युलन्स हजर असल्याशिवाय आमचे मूल स्पर्धेत उतरणार नाही, आणि प्रत्येक मुलाचा अपघात विमा काढावा. खाली अकरा पालकांच्या सह्या आहेत. त्यात दोन अंगठे आहेत. पहिली सही त्या मुलीच्या आईची आहे.

मुलगी आता रोज पहाटे साडेपाचला उठून सरावाला जाते. अर्जाचे उत्तर अजून यायचे आहे. ज्यांची मुले कुस्ती, कबड्डी, बॉक्सिंग असा कुठलाही अंगमेहनतीचा खेळ खेळतात, त्यांनी असाच अर्ज आपापल्या ठिकाणी द्यावा, ही विनंती. मसुदा हवा असल्यास आमच्याकडे यावे. लिहून देऊ.